माझं कौतुक महेश्वरीला नडलं

मित्रांनो, मला कुणी प्लास्टिकची पिशवी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. प्लास्टिकच्या पिशव्या दुकानात मिळतात आणि दुसऱ्या दिवशी बाभळीला लटकलेल्या दिसतात. मी वायरची पिशवी आहे. जांभळ्या रंगाची, मध्ये पिवळे चौकोन, वर दोन जाडजूड बंद. माझी पंचविशी उलटली, म्हणजे पिशव्यांच्या मानानं मी म्हातारीच. तरी अजून पाच किलो ज्वारी घेऊन दळणाला जाते. गोष्ट सांगताना मी कुठं अडखळले तर हसू नका. तिच्यातला काही भाग मला स्वतःलाच अजून नीट उमगलेला नाही.

उमरग्याहून पाऊण तासावर, कर्नाटकच्या शिवेला टेकून आमचं गाव आहे. घरात कानडी, बाजारात मराठी आणि भांडण लागलं की दोन्ही, असा इथला रिवाज. तिथं कल्याणप्पा नावाचे शेतकरी राहत. त्यांच्या लेकीनं, महेश्वरीनं, मला विणलं. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. वडिलांनी उमरग्याच्या बाजारातून वायरची बंडलं आणून दिली आणि तिनं दारात पाय पसरून, गाठीवर गाठ मारत आठ दिवसांत मला उभं केलं. आधी तळ, मग चारी बाजू, शेवटी बंद. वायर ओढून ओढून तिच्या बोटांना चिरा पडल्या, पण तिनं एकही गाठ सैल ठेवली नाही. शेजारच्या बायका मला उलटीपालटी करून बघायच्या आणि म्हणायच्या, "काय हात हाय पोरीचा!" जन्मल्यापासून मी असं कौतुकच ऐकत आले. त्यामुळं मी थोडी शिष्ट झाले, हे कबूल करते.

माझं पहिलं काम बाजारहाटाचं नव्हतंच. मुलगी बघायला पाहुणे यायचे असले की तिच्या हातचं सगळं बैठकीत मांडून ठेवायची पद्धत होती. मण्यांचं तोरण, भरतकामाची उशी आणि वायरची पिशवी. मला पाहुण्यांच्या बरोबर समोरच्या खुंटीला टांगत. पोह्यांची बशी हातात घेऊन कुणीतरी विचारायचं, "पोरीला काय काय येतंय?" मग महेश्वरीची आई सिद्धम्मा एका दमात सांगायची, "सगळं येतंय की. कडक भाकरी, शेंगाची चटणी. कामाला वाघ हाय. आन् ती पिशवी बगा, तिच्याच हातची." महेश्वरीनं तोंड उघडायचं नाही, मान खाली घालून बसायचं, हे आधीच ठरलेलं असे. सिद्धम्माला ही उत्तरं इतकी पाठ झाली होती की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं हीच दिली असती.

दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले. मग काय झालं, ते मला नीट सांगता येत नाही. महेश्वरी भाकरी थापता थापता थांबायची आणि कोपऱ्याकडं बघून बोलायची. कोपऱ्यात मी असायचे, म्हणून मला वाटलं, माझ्याशीच बोलते आहे. मी मनातल्या मनात उत्तरंसुद्धा दिली. पण ती माझ्याशी बोलत नव्हती. पुढं तिनं न्हाणं सोडलं. जेवणात कुणीतरी काहीतरी कालवलंय म्हणून ती ताट सरकवू लागली. एकदा भर उन्हात अनवाणी चालत ती शिवेपलीकडच्या गावात निघून गेली. तिसऱ्या पाहुण्यांसमोर ती एकाएकी मोठ्यानं हसली आणि ते लोक पोहे अर्धे टाकून उठले. त्यानंतर मला त्या खुंटीला कुणी टांगलं नाही.

मग मी काय काय वाहिलं म्हणून सांगू! लिंबं वाहिली, नारळ वाहिले, अंगाऱ्याच्या पुड्या वाहिल्या. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं लग्न लावून द्या, आपोआप बरी होईल. शेवटी कल्याणप्पांनी तिला सोलापूरला मनोविकाराच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कागदावर आजाराचं नाव लिहिलं, स्किझोफ्रेनिया. ते नाव घरात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. पण गोळ्या सुरू झाल्या आणि तिचं निघून जाणं थांबलं, कोपऱ्याशी बोलणंही थांबलं. हात मात्र मांडीवर पडून राहिले ते पडूनच राहिले. सिद्धम्मा तिला न्हाऊ घाली, ताटाशी बसून "खा गं, खा" म्हणे, स्वतः मोजून गोळ्या देई. त्या गोळ्या उमरग्याहून माझ्या तळाशी लपून येत आणि त्यांच्यावर कांद्यांची रास असे. गावात कळू नये म्हणून ही सगळी तजवीज. कुणी विचारलंच तर सिद्धम्माचं उत्तर तयार असे, "बरी हाय की. कामात हाय."

अशी वीस-बावीस वर्षं गेली. कल्याणप्पा वारले. सिद्धम्मा सत्तरीला टेकली, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आणि तिला एकाच गोष्टीचा घोर लागला, आपल्यामागं या लेकीचं काय होणार?

गावात कडूबाई नावाची आशाताई आहे. घरोघरी फिरून आजाऱ्यांची चौकशी करणारी, तोंडानं फटकळ आणि मनानं चांगली. कानडीत आईला अव्वा म्हणतात आणि सिद्धम्माला सगळं गाव तेच म्हणतं. एकदा कडूबाई "अव्वा, दोन कांदे घेते" म्हणत आली आणि तिनं सरळ माझ्यात हात घातला. कांद्यांखालची गोळ्यांची पाकिटं तिच्या हाताला लागली.

"ह्या कुणाच्या गोळ्या, अव्वा?"

"माझ्याच. गुडघ्याच्या," सिद्धम्मा म्हणाली.

कडूबाईनं पाकीट उजेडात धरून वाचलं. मग भिंतीला टेकून बसलेल्या महेश्वरीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "अव्वा, ह्या आजाराचं बी अपंगाचं प्रमाणपत्र निघतंय. चाळीस टक्के आलं की तिच्या नावानं सरकारचं अनुदान चालू होतंय. तुमच्यामागं बी चालू राहतंय."

"तिला हात हायत, पाय हायत. अपंग कशी?"

"दिसत न्हाय म्हणून नसतंय का?"

सिद्धम्मानं वाद घातला नाही. "तुमच्यामागं बी" एवढेच शब्द तिच्या कानात अडकून बसले होते.

त्यानंतर माझ्यात कांद्यांऐवजी कागद राहायला आले. आधार, रेशनकार्ड, फोटो, त्यांच्या झेरॉक्सा. एका खिडकीवर म्हणाले, आधी प्रमाणपत्र आणा, मग अर्ज करा. दुसऱ्या खिडकीवर म्हणाले, आधी अर्ज करा, मग प्रमाणपत्र मिळेल. दोन्ही खरंच होतं, कारण अर्ज दोन होते. एक प्रमाणपत्राचा, जिल्ह्याच्या दवाखान्यातला. दुसरा अनुदानाचा, तहसीलमधला. कडूबाईनं हे तीनदा समजावलं, सिद्धम्मानं तीनदा मान हलवली आणि मला चौथ्यांदाही कळलं नाही. शेवटी कडूबाईनं सेतू केंद्रात बसून पहिला अर्ज भरला आणि धाराशिवला तपासणीला जायची तारीख मिळाली.

नेमकं त्याच दिवशी गावात लसीकरण निघालं आणि कडूबाईला जाता येईना. मायलेकी एकट्याच निघाल्या. आदल्या दिवशी सिद्धम्मानं महेश्वरीचे केस शिकेकाईनं धुतले. सकाळी तिला न्हाऊ घालून ठेवणीतलं इरकल नेसवलं, तेल लावून वेणी घातली, कपाळावर विभूती रेखली. मलाही साबणानं घासून पुसलं. एवढं सजवून दोघींना कुठं न्यायचं म्हणजे काहीतरी चांगलंच असणार, असं मला वाटलं. एसटीत तर मी आनंदात होते.

दवाखान्याच्या बोळात लांब रांग होती. कुणाच्या काखेत कुबडी, कुणी चाकाच्या खुर्चीवर. लोक आमच्याकडं बघत होते, ही धडधाकट बाई इथं कशाला आली म्हणून. सिद्धम्मा संकोचून गेली. तिनं पदर सारखा केला आणि महेश्वरीच्या कानात पुटपुटली, "मान खाली घाल. काय बोलू नको."

आत एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी महेश्वरीला विचारलं, "ताई, कसं वाटतंय?" महेश्वरीनं मान खाली घातली. सिद्धम्मा म्हणाली, "लाजती."

"बरं आजी, तुम्ही सांगा. या आंघोळ स्वतः करतात?"

"करती की. रोज."

मी दचकले. त्याच सकाळी तिला न्हाऊ कुणी घातलं होतं?

"घरातलं काम?"

"सगळं येतंय की. कडक भाकरी, शेंगाची चटणी. कामाला वाघ हाय."

"लोकांशी वागणं?"

"गरीब गाय हाय, बाई. कुणाला उलटून बोलत न्हाय."

"गोळ्या?"

"घेती आपल्या हातानं."

"जुने कागद असतील ना?"

बावीस वर्षांचे कागद माझ्यात होते, भाकरीच्या फडक्याखाली. सिद्धम्माचा हात तिथवर गेला आणि सवयीनं थबकला. तिनं गेल्या महिन्याची एक चिठ्ठी काढून दिली. मग ती उत्साहानं म्हणाली, "आन् ही पिशवी बगा. तिच्याच हातची." असं म्हणून तिनं मला उचलून चक्क टेबलावर ठेवलं!

डॉक्टरबाईंनी मला फिरवून पाहिलं. "अगं बाई, किती सुबक आहे!" त्या म्हणाल्या. कधी विणली, ते त्यांनी विचारलं नाही आणि सिद्धम्मानंही सांगितलं नाही. किती वर्षांनी कुणीतरी माझं कौतुक केलं होतं. माझा ऊर भरून आला. मला वाटलं, आपल्यामुळं काम झालं.

काही दिवसांनी सेतू केंद्रातल्या माणसानं प्रमाणपत्र छापून दिलं आणि वाचून दाखवलं, "तीस टक्के." सिद्धम्मा बोटांवर मोजत घरी आली. तीस टक्के आजार, म्हणजे सत्तर टक्के पोरगी बरी! सरकारनं लिहून दिलं! तिनं शेजारच्या चार घरी साखर वाटली. "कशाची साखर, अव्वा?" बायकांनी विचारलं. "आसंच," ती म्हणाली आणि लाजून हसली. तिला इतकं हसताना मी कैक वर्षांत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी कडूबाई आली. कागद पाहिल्याबरोबर तिचा चेहरा उतरला.

"अव्वा, चाळीसच्या आत हाय. अनुदान मिळायचं न्हाय."

"पर आजार कमी हाय म्हणत्यात न्हवं? मंग चांगलंच की."

"चांगलं हाय, पर काम व्हायचं न्हाय."

"मंग वाईट हाय का?"

कडूबाईनं कपाळाला हात लावला. "तुमी तिथं सांगितलं तरी काय?"

सिद्धम्मानं पाठ केलेला धडा म्हणावा तसं सगळं सांगितलं. आंघोळ, भाकरी, चटणी, वाघ, गाय आणि शेवटी मी. कडूबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "अव्वा, ते काय पोरगी बघायला आल्ते का?"

सिद्धम्मा मटकन खाली बसली. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की बसल्या जागी मी उसवते की काय असं मला झालं. मित्रांनो, माझी अवस्था काय सांगू! जन्मभर मला वाटत आलं होतं की माझं कौतुक म्हणजे महेश्वरीचं भलं. त्याच कौतुकानं तिच्या तोंडचा घास काढून घेतला होता. हे कसं काय? मी तर खोटी नव्हते. मला तिनंच विणलं होतं. मग माझ्यामुळं खोटं कसं पडलं? विचार करून माझं डोकं शिणलं, आणि मला तर डोकंही नाही.

कडूबाईनं फेरतपासणीचा अर्ज केला. तारीख यायला बराच काळ गेला. तोवर ती सिद्धम्माला बसवून सराव करून घेई. "आंघोळ कोण घालतंय?" विचारलं की सिद्धम्मा "कर..." म्हणून चटकन जीभ चावायची. एकदा ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "खरं बोलायला मला येत न्हाय असं न्हाय, कडूबाई. पर पोरगी बाजूला बसणार. तिच्यासमोर कसं म्हणू, हिला काय येत न्हाय म्हणून? आईच्या तोंडून आसलं ऐकून तिला काय वाटंल?"

दुसऱ्या वेळी कडूबाई बरोबर आली, पण दाराशीच थांबली. "म्या बोलले तर ते माझं बोलणं हुईल," ती म्हणाली. "तुमीच सांगा."

त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मला ओळखलं! "ही पिशवी मी पाहिलीय," त्या म्हणाल्या. "आजी, तुम्ही मागं आला होतात. आता काय सांगायचंय?"

"ती जरा भाईर बसली तर चालंल का?" सिद्धम्मानं विचारलं.

"नाही आजी. मला त्यांनाच तर बघायचंय."

सिद्धम्मानं मला मांडीवर घेतलं. भाकरीचं फडकं बाजूला काढलं आणि बावीस वर्षांचे सगळे कागद टेबलावर ओतले. मी रिकामी झाले. मग तिनं डॉक्टरबाईंकडं पाहिलं नाही, लेकीकडंही पाहिलं नाही. ती माझ्या आत बघून बोलू लागली. मी एवढ्या जवळून तिचा चेहरा कधी पाहिला नव्हता.

"म्या मागं खोटं बोलले, बाई. आंघोळ म्या घालते. लुगडं म्या नेसवते. गोळ्या म्या देते, न्हाय दिल्या तर घेत न्हाय. ताटाजवळ बसले न्हाय तर उपाशी राहती. चुलीपाशी गेली न्हाय ती बावीस वर्सं. ही पिशवी तवाची हाय, एकोणीसची हुती. त्याच्यामागं तिनं एक गाठ मारली न्हाय. चार वर्सांमागं म्या वायर आणून दिली, म्हणलं मन लागंल. दिसभर वायर हातात धरून बसली." तिनं माझ्या गाठींवरून बोट फिरवलं. "तिचा दोष न्हाय, बाई. लई हुशार हुती माझी लेक."

डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवलं होतं. आता महेश्वरी उठून निघून जाणार, रडणार, नाहीतर पुन्हा कधी आईशी बोलणार नाही, असं मला वाटलं. सिद्धम्मालाही तेच वाटत असावं.

तेवढ्यात महेश्वरी म्हणाली, "नखं बी अव्वाच कापती."

सिद्धम्मानं झटकन मान वर केली. महेश्वरीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. आई सांगायची विसरली ते तिनं सांगितलं होतं, इतकंच.

डॉक्टरबाई तिच्याकडं वळल्या. "ताई, तुम्हाला कधी कुणाचे आवाज ऐकू येतात?"

"येतेत."

"अजून?"

"रोज येतेत. पयल्यापेक्षा बारीक."

सिद्धम्माला ते ठाऊकच नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या तेव्हाच ते थांबलं, असं ती धरून चालली होती. मीही. "आगं, मला का न्हाय सांगितलीस?" ती कळवळून म्हणाली.

"तूच म्हणलीस," महेश्वरी म्हणाली. "काय बोलू नको म्हणून."

सिद्धम्मानं मला छातीशी धरलं आणि ती रडली, मोठ्यानं, दवाखान्यात, परक्या माणसांसमोर. डॉक्टरबाईंनी तिला पाणी दिलं. मग एकेक कागद तारखेप्रमाणे लावला, गोळ्या बदलून दिल्या आणि लिहायला घेतलं.

नवं प्रमाणपत्र आलं ते साठ टक्क्यांचं. तहसीलमध्ये अनुदानाचा अर्ज घेतला आणि पोच दिली. चौकशी, मंजुरी, अजून काय काय व्हायचं आहे, पण अर्ज घेतला. सिद्धम्मानं या वेळी साखर आणली नाही. ती कागद हातात घेऊन बसून राहिली आणि कडूबाईला म्हणाली, "मागं तीस हुतं, आता साठ. पोरगी बिगडली का गं?"

"पोरगी हाय तशीच हाय, अव्वा. कागद खरा झाला."

"मंग आता मी हसू का रडू?"

"आधी च्या टाका," कडूबाई म्हणाली.

आता रोज दुपारी सिद्धम्मा लेकीजवळ बसते आणि विचारते, "आज आला का आवाज? काय म्हणला?" महेश्वरी कधी सांगते, कधी सांगत नाही. सांगते त्या दिवशी सिद्धम्माला त्यातलं फारसं कळत नाही. मलाही कळत नाही. पण ती मध्येच तोडत नाही.

मित्रांनो, मला धुऊन-पुसून जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी दणकट आहे, माझं बरं चाललं आहे. माझं मागणं दुसरंच आहे. तुमच्या घरात किंवा गल्लीत कुणी असं गप्प बसलेलं असेल, तर त्याच्या वतीनं तुम्ही उत्तर देऊ नका, चांगलंसुद्धा देऊ नका. त्यालाच विचारा आणि ते बोलेपर्यंत थांबा. आमच्या महेश्वरीला तिचं पहिलं खरं वाक्य परक्या माणसासमोर बोलायला बावीस वर्षं लागली. तुम्ही थोडा वेळ तरी थांबाल ना?